इंग्रजी शिक्षकांच्या परिषदेला जावे का, आणि गेल्यास काय घेऊन जावे?

माणदेशी_शिक्षिका यांचा प्रश्न

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, मराठी माध्यमाच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गेली चौदा वर्षे आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, त्यामुळे नववीत माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांनी आठ वर्षे या विषयाची पुस्तके हाताळलेली असतात. तरीही उभे राहून स्वतःचे एक वाक्य बोलायचे म्हटले की बहुतेकांच्या माना खाली जातात. गेल्या जूनपासून मी नववीच्या वर्गात (पटसंख्या ६२) एक साधा बदल केला आहे. बोलण्याचा विषय दिल्यावर मुलांनी पहिली तीन मिनिटे शेजाऱ्याशी मराठीतून त्यावर बोलायचे, कोणते इंग्रजी शब्द लागतील ते वहीत लिहायचे, अडलेले शब्द मला विचारायचे आणि मगच इंग्रजीत बोलायचे. दर शुक्रवारी मी एका वहीत नोंद ठेवते की त्या दिवशी कोण बोलले, किती वाक्ये बोलले आणि कुठे अडले. फरक पडला आहे असे मला मनापासून वाटते, परंतु तो सिद्ध झाला आहे असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

आमच्या तालुक्यातील एका सहकाऱ्यांनी ही वही पाहून सुचवले की मी इंग्रजी शिक्षकांच्या एखाद्या राष्ट्रीय परिषदेत हे मांडावे. मी आजवर केंद्राच्या (परिसरातील शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदा आणि शासकीय प्रशिक्षणे यांपलीकडे कोठेही गेलेली नाही. विद्यापीठातील प्राध्यापकांसमोर इंग्रजीत बोलताना माझेच वाक्य अडले तर काय, ही भीती आहे. शिवाय प्रवास, निवास आणि नोंदणी यांचा खर्च स्वतःच्या पगारातून करायचा आहे. रजेचे काय करावे तेही माहीत नाही. पहिल्या वेळी केवळ ऐकायला जावे की काही मांडायला जावे? दरम्यान मला एका ‘जागतिक परिषदे’चे निमंत्रण ई-मेलने आले असून त्यात निबंध स्वीकारल्याचे आधीच कळवले आहे, जरी मी कोणताही निबंध पाठवलेला नाही. हे कसे समजावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

वैनगंगाकाठ यांचे उत्तर

मॅडम, मी भंडारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे असल्याने ते आधी देतो. न पाठवलेला निबंध स्वीकारणारी परिषद ही परिषद नव्हे. तो ई-मेल काढून टाका आणि पुढचा विचार करा.

माझी पहिली परिषद हैदराबादला झाली. दोन दिवस मी मुख्य सभागृहात तिसऱ्या रांगेत बसून बीजभाषणे ऐकली, दुपारी रांगेत उभे राहून जेवलो, कोणाशीही बोललो नाही आणि पिशवी, पेन व प्रमाणपत्र घेऊन परत आलो. भाषणे वाईट नव्हती, परंतु शाळेत परतल्यावर सोमवारच्या तासिकेला त्यातले काहीही माझ्या हाती नव्हते. दुसऱ्या वेळी मी एक पोस्टर घेऊन गेलो. आमच्या चौथीच्या मुलांनी बाजारातील वस्तूंच्या वेष्टनांवरून गोळा केलेल्या इंग्रजी शब्दांबद्दलचे ते साधे पोस्टर होते. दीड तास मी त्याच्या शेजारी उभा होतो आणि अकरा जण थांबले. त्यांत नेपाळमधील एक शिक्षिका होत्या, ज्यांच्या वर्गात माझ्या वर्गाइतकीच मुले होती आणि ज्यांना माझ्याइतकीच पुस्तके मिळत होती. त्यांनी मला विचारले, ‘शब्द गोळा झाल्यावर मुले त्यांचे काय करतात?’ मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि पुढचे पूर्ण वर्ष त्यावर काम केले. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा आहे की पहिल्याच वेळी काहीतरी मांडायला जा, आणि शक्यतो पोस्टर घेऊन जा. रिकाम्या हाताने गेलेल्या माणसाशी बोलायला कोणाकडे निमित्त नसते, तर पोस्टरजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे लोक आपण होऊन येतात. पोस्टरपुढे एका वेळी एकाच माणसाशी बोलायचे असल्याने इंग्रजी अडले तरी दुसरे वाक्य जुळवायला वेळ मिळतो.

कोणत्या संघटनांकडे पाहावे तेही सांगतो. भारतात ‘एल्टाय’ ही इंग्रजी शिक्षकांची जुनी संघटना असून ती १९७४ मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्य कार्यालय चेन्नईत आहे. ‘आयनेट’ हे अखिल भारतीय जाळे तुलनेने नवे आहे आणि त्याची मुळे आपल्या विदर्भात आहेत, हे मी अभिमानाने नमूद करतो. आमच्या भागात शिक्षकांनीच चालवलेली इंग्रजी शिक्षक मंडळे होती आणि त्यांच्या कामावर शोधलेखही प्रसिद्ध झाले आहेत. या दोन्ही संघटनांच्या परिषदांत शाळेतील शिक्षकांना परके वाटत नाही. त्याआधी स्वतःच्या तालुक्यात सुरुवात करायची असेल तर तेही उत्तम. राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘तेजस’ उपक्रमात शिक्षकांचे जे ‘टॅग’ (टीचर ॲक्टिव्हिटी ग्रुप) गट तयार झाले, त्यांतील काही शिक्षक अजूनही आपणहून भेटत असतात. तुमच्या परिसरात असे कोणी असतील तर हे पोस्टर आधी त्यांच्यापुढे मांडा.

परिषदेला आधी पाठवायचा गोषवारा, म्हणजे मांडणीचा थोडक्यात सारांश, लिहिताना मोठे शब्द टाळा. किती मुले, कोणती इयत्ता, अडचण कोणती, तुम्ही नेमके काय केले, किती महिने केले आणि काय दिसले, एवढेच लिहा. तो निवडणाऱ्यांपुढे शेकडो गोषवारे असतात आणि ‘नावीन्यपूर्ण’, ‘समग्र’ अशा शब्दांनी भरलेल्या मजकुरात वर्ग कुठेच दिसत नाही. तुमची शुक्रवारची वही हीच तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, हे कृपया लक्षात घ्या.

पुण्यातील_प्राध्यापिका यांचे उत्तर

ताई, वैनगंगाकाठ सरांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, मात्र एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि गेल्या वीस वर्षांत ‘मांडण्यासाठी’ जाण्याचा आग्रह कुठवर जाऊ शकतो ते जवळून पाहिले आहे. पदोन्नतीसाठी गुण मोजायची पद्धत आल्यानंतर आमच्याकडे एक दिवसाच्या चर्चासत्रांचे पीक आले. सकाळी उद्घाटन आणि सत्कार होत, दुपारी तीन समांतर खोल्यांत प्रत्येकी पाच मिनिटांत निबंध वाचले जात आणि संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटली जात. निबंध ऐकायला पुढचे वाचक तेवढे बसलेले असत, कारण स्वतःचा क्रमांक झाला की प्रत्येक जण बसस्थानकाकडे निघे. मीही असे निबंध वाचले आहेत. त्यांतील एकावरही कोणी मला प्रश्न विचारला नाही, याची खंत आजही वाटते.

म्हणून मी म्हणेन की आपल्याकडे काही सांगण्यासारखे असेल तरच मांडावे. आपल्याकडे ते आहे. परंतु ते आणखी सहा महिने पिकू द्यायची गरज वाटली तर पहिल्या वर्षी श्रोता म्हणून जाण्यात काहीही कमीपणा नाही, फक्त बसण्याची जागा बदला. बीजभाषणाचे सभागृह सोडून छोट्या खोल्यांत जा, जिथे वीस-पंचवीस माणसे असतात आणि मांडणी संपल्यावर वक्त्याशी बोलता येते. आदल्या रात्री कार्यक्रमपत्रिका घेऊन बसा आणि तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली चार सत्रे निवडा. दिवसभर प्रत्येक सत्राला हजेरी लावणाऱ्याला संध्याकाळी काहीच आठवत नाही.

फसव्या परिषदा ओळखण्याची काही चिन्हे सांगते. एकाच निमंत्रणात अभियांत्रिकी, वैद्यक, व्यवस्थापन आणि भाषा असे सगळे विषय असतील, गोषवारा पाठवल्यावर एका दिवसात स्वीकृती आणि शुल्काचा बँक खाते क्रमांक एकत्र येत असेल, गोषवारे कोण वाचते याचा उल्लेख नसेल आणि मागील वर्षीच्या कार्यक्रमपत्रिका कुठेही पाहायला मिळत नसतील, तर दूर राहा. खऱ्या संघटनेच्या मागे सभासद असतात, निवडून आलेली समिती असते आणि दरवर्षीचा माग असतो. शंका वाटली तर मागील वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेतील एखाद्या वक्त्याला पत्र लिहून विचारावे, बहुतेक शिक्षक आनंदाने उत्तर देतात.

जाण्यापूर्वी वाचायचे असेल तर भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पाबद्दल अवश्य वाचा. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील साध्या शाळांमध्ये हा प्रयोग झाला आणि जगभरच्या भाषाशिक्षकांनी त्याची दखल घेतली. मुलांचे लक्ष व्याकरणाच्या नियमावर न ठेवता एखादा प्रश्न सोडवण्यावर ठेवले तर भाषा आपोआप घडत जाते, अशी त्यामागची धारणा होती. प्रत्येक कृतीआधी शिक्षक तशीच एक कृती संपूर्ण वर्गासोबत करून घेत असे. तुमची मराठीतील तीन मिनिटे मला या पूर्वतयारीची नातेवाईक वाटतात. त्यात मातृभाषेचा वापर ही तुमची स्वतःची भर आहे, आणि तीच परिषदेत सर्वाधिक प्रश्न निर्माण करील. इंग्रजीच्या तासाला मराठी आली की अपराधी वाटणारे शिक्षक आपल्याकडे हजारो असतील. त्यांना कोणीतरी उघडपणे सांगायला हवे की ही लपवायची गोष्ट नाही. हा विषय मला इतका जिव्हाळ्याचा आहे की मी श्रोत्यांत असते तर तुमच्या पोस्टरपुढून हललेच नसते.

एकदा_सागरापार यांचे उत्तर

मी २०१८ मध्ये ब्रायटन येथे ‘आयाटेफल’च्या वार्षिक परिषदेला शिष्यवृत्तीवर गेलो होतो. माझे इंग्रजी बारावीपर्यंत मराठी माध्यमात घडलेले आहे, म्हणून हा अनुभव इथे उपयोगी पडेल असे वाटते. इंग्रजी परकीय भाषा म्हणून शिकवणाऱ्यांची ही आंतरराष्ट्रीय संघटना १९६७ मध्ये स्थापन झाली आणि तिची परिषद दर वसंतात ब्रिटनमधील वेगवेगळ्या शहरांत भरते. २०२० ची मँचेस्टरची परिषद साथीमुळे रद्द करावी लागली, हे अनेकांना आठवत असेल.

पहिली गोष्ट खर्चाची. तिथे निबंध स्वीकारला गेला तरी वक्त्याला नोंदणी शुल्क स्वतः भरावे लागते. हे कळल्यावर आपल्याकडील अनेकांना धक्का बसतो. म्हणून स्वतःच्या पैशाने तिकडे जाण्याचा विचार मी सुचवणार नाही. शिष्यवृत्त्या मात्र आहेत, आणि त्या खरोखर वर्गात शिकवणाऱ्यांना मिळतात. शब्दकोशकार ए. एस. हॉर्नबी यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेला न्यास जगभरच्या इंग्रजी शिक्षकांना मदत करतो आणि आयाटेफलच्या स्वतःच्याही शिष्यवृत्त्या असतात. अर्जात जे लिहायचे असते ते वैनगंगाकाठ सरांनी सांगितलेल्या गोषवाऱ्यापेक्षा फार वेगळे नाही. माझा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण मी त्यात माझ्या पदव्या लिहिल्या होत्या. दुसऱ्या अर्जात मी माझ्या वर्गातील बाकांची मांडणी आणि त्यामुळे गटकार्य करताना येणारी अडचण लिहिली.

परिषदेच्या आदल्या दिवशी विशेष अभिरुची गटांची दिवसभराची सत्रे असतात. कोणी शिक्षकांच्या संशोधनावर काम करते, कोणी चाचण्यांवर, कोणी लहान मुलांना शिकवण्यावर. माझ्यासाठी तो दिवस पुढच्या चारही दिवसांपेक्षा मोलाचा ठरला, कारण चाळीस माणसे दिवसभर एकाच खोलीत होती आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांना नावाने ओळखू लागली होती. मुख्य परिषदेत एकाच वेळी इतकी सत्रे चालू असतात की नवखा माणूस गोंधळून जातो. माझ्या अर्ध्या तासाच्या मांडणीला सतरा श्रोते होते. मला वाईट वाटले होते, परंतु नंतर कळले की तिथे ही उपस्थिती अगदी सामान्य आहे.

इंग्रजीच्या भीतीबद्दल. त्या खोल्यांत पोलंड, ब्राझील, जपान, नायजेरिया येथील शिक्षक असतात आणि बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. माझे एक वाक्य मध्येच तुटले, तेव्हा पहिल्या रांगेतील एका बाईंनी शांतपणे मान हलवून मला वेळ दिला. त्या क्षणी माझ्या लक्षात आले की समोर परीक्षक नाहीत, शिक्षक बसले आहेत.

परवानगीच्या बाबतीत मात्र लवकर सुरुवात करा. परदेश प्रवासासाठी संस्थेचे ना-हरकत पत्र आणि शिक्षण विभागाची परवानगी यांत माझे तीन महिने गेले आणि व्हिसाचा अर्ज अगदी शेवटच्या आठवड्यात भरावा लागला. देशांतर्गत परिषदेसाठी हे इतके अवघड नसते. आयोजकांकडून सहभागाचे अधिकृत पत्र आधी मागवा, ते अर्जासोबत मुख्याध्यापकांना द्या आणि कर्तव्य रजा मिळेल का ते लेखी विचारा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे, याचा उल्लेख अर्जात जरूर करा. तरीही किरकोळ रजा खर्च करावी लागू शकते, याची मानसिक तयारी ठेवा.

जर्मन_शिकवणारी यांचे उत्तर

मी पुण्यात जर्मन शिकवते, त्यामुळे इंग्रजीच्या परिषदांबद्दल मला बोलता येणार नाही, परंतु एक गोष्ट उपयोगी पडेल असे वाटते. जर्मन शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद साधारण चार वर्षांतून एकदा भरते. २०२२ मध्ये ती व्हिएन्ना येथे झाली, तेव्हा मी गेले होते. तिथे नोंदणी करतानाच एक विभाग निवडायचा असतो आणि आठवडाभर रोज त्याच विभागातील त्याच माणसांसोबत बसायचे असते. पहिल्या दिवशी मला ते बंधन वाटले. पण चौथ्या दिवशी आमच्यातील एका शिक्षिकेने पहिल्या दिवशी कोणी मांडलेल्या मुद्द्यावर रात्री विचार करून आणलेले उत्तर सांगितले, तेव्हा त्या रचनेचे महत्त्व पटले. आपल्याकडील परिषदांत अशी रचना क्वचितच असते, म्हणून ती स्वतः तयार करावी लागते. पहिल्या दिवशी तीन-चार समविचारी माणसे शोधा आणि रोज संध्याकाळी चहाला एकत्र बसायचे ठरवा. ताई, परतल्यावर आठवडाभरात त्या तिघांना पत्र लिहा. त्यानंतर लिहायचे राहूनच जाते, हा माझा अनुभव आहे.

माणदेशी_शिक्षिका यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मी पोस्टर घेऊन जायचे ठरवले आहे आणि त्याआधी ते आमच्या तालुक्यातील सहा शिक्षकांपुढे मांडणार आहे. मुख्याध्यापकांशी बोलले, त्यांनी आयोजकांचे पत्र आणायला सांगितले आहे. प्राध्यापिका मॅडमनी लिहिलेले अपराधीपणाबद्दलचे वाक्य वाचताना डोळे भरून आले, कारण गटशिक्षणाधिकारी वर्गात आले त्या दिवशी मी ती तीन मिनिटे मुद्दाम गाळली होती आणि हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

गोषवाऱ्याचा मराठी मसुदा खाली देते, कृपया पाहावा.

‘सातारा जिल्ह्यातील ग्रामीण मराठी माध्यमाच्या शाळेत नववीच्या ६२ विद्यार्थ्यांना इंग्रजीत बोलण्याचा आत्मविश्वास नव्हता. जूनपासून प्रत्येक बोलण्याच्या कृतीआधी त्यांना तीन मिनिटे मराठीतून चर्चा करायला आणि लागणारे शब्द लिहायला वेळ दिला. दर शुक्रवारी केलेल्या नोंदींवरून असे दिसते की या समग्र पद्धतीमुळे विद्यार्थ्यांच्या संभाषण कौशल्यात लक्षणीय सुधारणा झाली.’

वैनगंगाकाठ यांचे उत्तर

मॅडम, पहिली दोन वाक्ये आहेत तशीच ठेवा. तिसऱ्या वाक्यातून ‘समग्र’ आणि ‘लक्षणीय सुधारणा’ हे शब्द काढा, कारण तुम्ही स्वतःच आरंभी म्हटले आहे की ते सिद्ध झालेले नाही. त्यांच्या जागी वहीतील आकडे घाला, म्हणजे जूनच्या पहिल्या शुक्रवारी किती मुले आपणहून बोलली आणि गेल्या शुक्रवारी किती. ‘आत्मविश्वास नव्हता’ याऐवजी तुम्ही प्रश्नात लिहिलेले ‘माना खाली जातात’ हे अधिक खरे आहे, ते इंग्रजीत उतरवता आले तर पाहा. आणि जी मुले अजूनही बोलत नाहीत, त्यांच्याबद्दल एक वाक्य अवश्य लिहा. पोस्टरपुढे थांबणारे शिक्षक सर्वांत आधी त्यांच्याबद्दलच विचारतील.

माणदेशी_शिक्षिका यांचे प्रत्युत्तर

वही उघडून पाहिली. जूनच्या पहिल्या शुक्रवारी पाच, गेल्या शुक्रवारी तेवीस. एकदाही न बोललेली मुले चौदा आहेत, आणि त्यांतील नऊ मुली आहेत, हे मी आज प्रथमच मोजले. गोषवारा पुन्हा लिहायला घेते.